आधी तेलाची पळी मोजा, मग भाकरीकडं बघा

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते छोटं प्लास्टिकचं माप येतं ना, पाच आणि दहा एमएलच्या रेघा असलेलं, ते टाकून देऊ नका. कॅलरी मोजायच्या म्हटलं की लोक आधी मोबाईलवर ॲप घेतात, मग ओट्स मागवतात, मग चार दिवसांत सगळं सोडून परत मिसळीवर येतात. माझी मोजायची सुरुवात ह्या मापानं झाली आणि त्याला एक रुपया खर्च आला नाही.

झालं असं की सांगलीच्या आमराई बागेत सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये रोज तेच प्रश्न, भात सोडू का, भाकरी किती खाऊ, पाणी किती लिटर, ग्रीन टी घेऊ का. मी काय डॉक्टर नाही, आहारतज्ञ पण नाही, पतसंस्थेत हिशोब बघते, पण हिशोबाचीच सवय असल्यामुळं दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली तेव्हा मी स्वयंपाकघराचा पण हिशोब मांडला. त्यातनं जे कळलं ते एकदाच लिहून काढते, म्हणजे रोज चालताना धापा टाकत सांगायला नको.

तर ते माप. एका रविवारी मी सिंकपाशी उभी राहून फोडणीची पळी पाण्यानं भरली आणि त्या मापात ओतून मोजली. तीन वेळा दहा, म्हणजे तीस एमएल. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं बघा, म्हणजे माझी एक पळी झाली साधारण २७ ग्रॅम. आता गंमत बघा, हैदराबादची जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे तिनं २०२४ साली आहाराबद्दल जे मार्गदर्शन काढलं त्यात २००० कॅलरीच्या ताटात दिवसभराचं तेल २७ ग्रॅम धरलंय. बरोब्बर एक पळी. एका माणसाला, अख्ख्या दिवसाला. आणि आमच्याकडं चार माणसांच्या वांग्याच्या एका भाजीत अडीच पळ्या जात होत्या, आमटीची फोडणी वेगळी, चपातीला लावायचं वेगळं, आणि रविवारी मटण असलं तर त्याच्या तवंगाचं तर बोलायलाच नको. सासूबाई म्हणाल्या, "तेल नको तर मग भाजी कशाला करतीस, गवतच खाऊया की." मी तेव्हा काय बोलले नाही.

पळी मोजायचा पण कंटाळा असेल तर त्याहून सोपं सांगते. तेलाचा डबा फोडला की त्याच्यावर मार्करनं तारीख लिहा आणि संपला की दिवस मोजा. आमचा पाच लिटरचा डबा चौघांत २५ दिवसांत संपत होता. पाच लिटर म्हणजे ४५५० ग्रॅम, त्याला भागिले चार माणसं, भागिले २५ दिवस, आलं साडेपंचेचाळीस ग्रॅम प्रत्येकी. म्हणजे माणशी साडेअठरा ग्रॅम जास्त, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे दिवसाला १६५ च्या आसपास कॅलरी नुसत्या जास्तीच्या तेलातनं, आणि ते तेल खाल्लंय असं कुणालाच वाटत नाही कारण पोट काय त्यानं भरत नाही. बाहेरचा वडा, भजी, मिसळीचा कट हे ह्यात धरलेलंच नाही. तुम्ही पण हा भागाकार एकदा करा, बाकीचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

कॅलरी म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात सांगते. अन्नातनं अंगाला मिळणारी ऊर्जा मोजायचं ते एकक. पिष्ट पदार्थ आणि साखरेच्या एका ग्रॅमला ४, प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४, तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९, आणि जे लोक "बसतात" त्यांच्यासाठी, दारूतल्या अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७. चकणा वेगळा धरायचा.

आता मला किती लागतात, हा पहिला प्रश्न. एक साधं गणित आहे, बरेच आहारतज्ञ तेच वापरतात. वजन किलोत गुणिले १०, त्यात मिळवा उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले सव्वासहा, त्यातनं वजा वय गुणिले ५, आणि शेवटी बाई असेल तर १६१ वजा करायचे, पुरुष असेल तर ५ मिळवायचे. माझं तेव्हाचं सांगते, वजन ६६, उंची १५५, वय ४२. ६६० अधिक ९६९ वजा २१० वजा १६१, आले १२५८. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहिलं तरी लागतात, काळीज-फुफ्फुसं-मेंदू चालवायला. मग दिवसभर खुर्चीतच असाल तर त्याला १.२ नं गुणा, थोडं चालणं-फिरणं असेल तर १.३७५ नं. माझं आलं १७३० च्या आसपास. वजन उतरवायचं म्हणून त्यातनं तीनशे कमी केले, १४३० वर आले, बस. ह्याच्यापेक्षा जास्त घाई केली की काय होतं ते पुढं सांगते, मी ते पण करून बसलेय.

हे आकडे अंदाजाचे आहेत, दहा टक्के इकडं-तिकडं होणारच. आणि दुसऱ्याच्या ताटाकडं बघून आपलं ठरवू नका. माझी चुलतजाऊ तासगावकडं असते, द्राक्षाच्या डिपिंगच्या, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या दिवसांत सकाळी सातपासून बागेत हात वर करून उभी, ती तीन भाकऱ्या खाते आणि तरी काटक. ५५ किलोची बसून काम करणारी बाई असेल तर दिवसाला १६६० कॅलरी आणि तीच मध्यम कष्टाचं काम करत असेल तर २१३०, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. पुरुषांचं ६५ किलोला २११० आणि २७१०. म्हणजे कष्टातच पाचशे-सहाशेचा फरक पडतो. आपण खुर्चीत बसून बागेतल्या बाईचं जेवण जेवलो तर ते कुठं जाणार, कमरेलाच.

भाकरी का चपाती. आमच्या ग्रुपमधला हा सगळ्यात आवडता वाद, दोन फेऱ्या आरामात ह्याच्यात जातात. खरं सांगू का, कोरडं पीठ ग्रॅमला ग्रॅम बघितलं तर ज्वारी, बाजरी, गहू सगळे सारखेच, १०० ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी, प्रोटीन दहा-अकरा ग्रॅम. भाकरी "हलकी" असते कारण तिला तेल लागत नाही आणि चावायला वेळ लागतो म्हणून माणूस कमी खातो. पण साईज बघा की! सासूबाईंची शाळूची भाकरी मी एकदा थापायच्या आधी गोळ्याच्या मापानं बघितली तर एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ. ९० ग्रॅम म्हणजे ३०० कॅलरी एक भाकरी. आणि माझी चपाती ३० ग्रॅमची, १०० कॅलरी, तिला आतनं-बाहेरनं चमचाभर तेल लावलं की दीडशेच्या जवळ. म्हणजे "मी फक्त दोनच भाकऱ्या खाते" म्हणणारी आणि "मी चार चपात्या खातो" म्हणणारा दोघं एकाच जागी. आता आम्ही ६० ग्रॅमच्या भाकऱ्या करतो. सासूबाईंना आधी ते बघवत नव्हतं, म्हणायच्या ही भाकरी हाय का पापड.

पीठ मोजायला वजनकाटा पाहिजेच असं नाही, एकच वाटी ठरवून घ्या आणि कायम तीच वापरा. पण घेतलाच तर साधा डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत येतो आणि पंधरा दिवस वापरून कपाटात ठेवला तरी चालतो, कारण तेवढ्यात डोळा तयार होतो. कायम मोजत बसायचं नाही, वेड लागतं. पंधरा दिवस.

भाताचं पण तसंच, शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३० कॅलरी. भात सोडायची काही गरज नाही, वाटी ठरवा. शुगरवाल्यांनी भाताआधी उसळ-भाजी खायची, शेवटी भात, माझं तरी त्यानं जेवणानंतरचं रीडिंग बरं येतं.

ताट कसं लावायचं ते ग्रॅम न मोजता सांगते. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मासा-चिकन ह्यातलं काहीतरी, उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. आपल्याकडं नेमकं उलटं असतं, अर्धं ताट भाकरी-भात, भाजी वाटीत तीन घास, आणि डाळ म्हणजे पिवळं पाणी. बटाट्याची भाजी ही भाजीत धरायची नाही, ती भाताच्या बाजूची. कृष्णाकाठची वांगी, दोडका, घेवडा, मेथी, पोकळा, मुळा, आपल्या बाजारात काय कमी आहे? त्या पोषण संस्थेच्या तक्त्यात दिवसाला भाजी ४०० ग्रॅम सांगितलीय, आणि मी जेव्हा पहिल्यांदा ४०० ग्रॅम भाजी काट्यावर ठेवली ना तेव्हा मला वाटलं काटा बिघडलाय.

आता शेंगदाणे. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपला सांगलीकडचा माणूस इथंच फसतो. शेंगदाणा वाईट नाही, उलट भारी आहे, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन. पण कॅलरी? १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, कारण निम्मं तेलच असतं. आणि आपण शेंगदाणे "खातो" असं कधी मोजतो का, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी, खर्ड्यात, आणि मग संध्याकाळी भडंग. घरी पाहुणा आला भडंग, टीव्ही लावला भडंग, पुण्याला पोराला पाठवायचं भडंग. चिरमुरे हलके म्हणून लोकांना वाटतं की भडंग पण हलकं, अहो पण चिरमुऱ्याला लाल करायला तेल लागतं आणि वर शेंगदाणे-लसूण तळलेले असतात. मी काय भडंग बंद केलेलं नाही, सांगलीत राहून ते जमणार पण नाही, फक्त डब्यातनं थेट मूठ मारायची नाही, वाटीत काढायचं आणि डबा परत वर ठेवायचा. वरच्या फळीवर. स्टूल घ्यायला लागेल अशा. हसू नका, ह्या एका गोष्टीनं माझं निम्मं काम केलंय.

बेदाण्याचं पण तसंच. द्राक्षं १०० ग्रॅम खाल्ली तर ७० च्या आसपास कॅलरी, आणि बेदाणे १०० ग्रॅम खाल्ले तर ३०० च्या आसपास. कारण साधं आहे, साधारण चार किलो द्राक्षांतलं पाणी उडालं की एक किलो बेदाणा होतो, साखर तेवढीच राहते. घरचे बेदाणे आहेत, औषध न मारलेले आहेत, सगळं मान्य, पण मूठभर बेदाणे म्हणजे घडभर द्राक्षं, एवढं लक्षात ठेवून खायचं.

गूळ का साखर, हा वाद मी आता घालत नाही. गुळात थोडं लोह-बिह असतं पण कॅलरी जवळजवळ साखरेएवढ्याच आणि रक्तातली शुगर दोन्ही वाढवतात. गुळाचा चहा प्यायला म्हणून दोन कप जास्त प्यायला तर उलटंच झालं. हिशोब चहाचा घाला. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, ऑफिसचे दोन, घरचे दोन, झाले ४० ग्रॅम, आणि वरून घातलेली साखर दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या आत असावी असं सांगतात. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केला तर तिसऱ्या दिवशी सोडाल. मी दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. आता कुणाच्या घरी नेहमीचा चहा दिला तर पाक प्यायल्यासारखं वाटतं. रसवंतीतला उसाचा रस एक ग्लास म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम साखर, ऊस आपल्याच रानातला असला तरी.

प्रोटीन. किलोमागं साधारण ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. त्यासाठी पावडरचे डबे आणायची गरज बहुतेकांना नाही, पण नुसते पोहे, भात, पातळ आमटी ह्यावर पण ते भरत नाही. माझा साधा दिवस सांगते, दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, मूठभर भिजवलेल्या मटकीची उसळ ७, दाट आमटी ६, ग्लासभर दूध साडेसहा, दिवसभराच्या भाकऱ्यांतनं १२, थोडे शेंगदाणे ४-५. झाले की ४८. अंडं न खाणाऱ्यांनी दुपारी एक आणि रात्री एक अशा दोन उसळी करायच्या आणि वाटीभर दही. अख्खा मसूर हा आपल्याकडचा हुकमी पदार्थ आहे, फक्त ढाब्यावरच्या अख्ख्या मसुरात मसूर किती आणि तेल किती हे एकदा प्लेट तिरकी करून बघा. हुलग्याचं माडगं, उडदाचं घुटं हे पण परत सुरू करा, आजी करायची तेव्हा आपण नाकं मुरडायचो.

उपवास... संकष्टीला गणपतीला जाऊन आलं की साबुदाणा खिचडी. ६० ग्रॅम साबुदाणा २१०, पाव वाटी कूट १४०, दोन चमचे तूप ९०. सव्वाचारशे-साडेचारशे कॅलरी आणि प्रोटीन जे काय ते कुटातलं. उपवास करा, श्रद्धेचा भाग वेगळा, पण "आज उपवास म्हणून वजन उतरेल" हे मनातनं काढा. वरी आणि दाण्याची आमटी, किंवा नुसतं ताक आणि फळ, ते बरं पडतं.

आता पाणी. ह्याच्याबद्दल एवढं काय काय फिरत असतं की बास. सकाळी उठल्या उठल्या लिटरभर कोमट पाणी प्यायचं, चरबी वितळते. नाही वितळत, चरबी काय तुपाची वाटी आहे का. जेवताना पाणी प्यायचं नाही, प्यायला तरी काही बिघडत नाही. आणि आठ ग्लास सगळ्यांना, हा पण काय कायदा नाही. साधारण दोन ते अडीच लिटर द्रव दिवसाला लागतो, पण त्यात दूध, ताक, आमटी, सरबत, चहासुद्धा आलं, आणि भाज्या-फळांतनं पण पाणी जातंच. चहानं पाणी बाहेर पडतं म्हणून तो धरायचाच नाही असं काही नाही, दोन-तीन कपापर्यंत चहा पाण्यातच जमा.

मग आपल्याला पुरतंय का हे ओळखायचं कसं, तर लघवीचा रंग बघायचा. पातळ लिंबू सरबतासारखा फिकट पिवळा असला की ठीक, चहाच्या पाण्याकडं झुकायला लागला की पाणी कमी पडतंय, आणि दिवसभर अगदी पाण्यासारखी पांढरी असेल तर जरा जास्तच पिताय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंग भडक पिवळा येतो, तेव्हा घाबरायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बाहेर काम असलं की लिटर-दीड लिटर जास्त लागणारच, आणि घामातनं मीठ पण जातं म्हणून एखादा ग्लास ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी. बीपीवाल्यांनी मात्र मिठाचं बघून, कारण एकूण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे आणि लोणचं-पापड-चटणीतच ते संपलेलं असतं.

एक गोष्ट आम्ही बायका बोलत नाही ती बोलते. बायका पाणी कमी पितात ते विसरतात म्हणून नाही. बाजारात, स्टँडवर, कामाच्या ठिकाणी धड बाथरूम नसतं म्हणून पीत नाहीत. मी स्वतः एका जुन्या ऑफिसात होते तिथं चौघींना एक बाथरूम आणि त्याची कडी मोडलेली, आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दोन घोट पाण्यावर काढायचो, आणि मग लघवीचं इन्फेक्शन, मग मुतखडा, मग अँटिबायोटिक. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांना तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यायला सांगतात. तेव्हा "पाणी प्या" असं नुसतं सांगून होत नाही, जिथं काम करता तिथली कडी आधी दुरुस्त करून घ्या. आम्ही शेवटी चौघींनी वर्गणी काढून सुतार आणला.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, मागत नाहीत, त्यांना तांब्या भरून समोर ठेवायचा आणि संध्याकाळी किती उरलंय ते बघायचं. सासूबाईंना मी नुसतं "पाणी प्या" म्हणलं की चिडतात, पण ताक केलंय म्हणलं की दोन फुलपात्री जातं. जुलाब-उलट्या असतील तर साधं पाणी पुरत नाही, दुकानातनं ओआरएसचं पाकीट आणा, नसेलच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा बरं का, पोह्याचा नाही. मीठ अंदाजानं जास्त टाकू नका. आणि उलट बाजूला, हृदय-किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं, त्यांनी हे सगळं वाचून सोडून द्यायचं. सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन आपोआप उतरतंय असं असेल तर खूश न होता आधी शुगर तपासा.

आता माझी फजिती. ते माप हातात घ्यायच्या आधी मी हे गणित-बिणित केलंच नव्हतं. एका वजन कमी करून देणाऱ्या ठिकाणी पैसे भरले, नाव नको, त्यांनी दोन वेळा पावडर आणि एक वेळ जेवण असा प्लॅन दिला. नंतर मोजलं तेव्हा कळलं, दिवसाला नऊशेच्या आत होतं ते. तीन आठवड्यांत चार किलो गेलं, सगळे विचारायला लागले काय करतीस गं, मी पण फुशारले. पाचव्या आठवड्यात मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांपाशी उभी होते आणि डोळ्यापुढं अंधारी आली, पोत्यावरच बसले, तिथल्या हमालांनी पाणी दिलं. मग पावडर सोडली आणि अडीच महिन्यांत चार गेलेले पाच होऊन आले. वर तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. म्हणून बाराशेच्या खाली आपल्या मनानं जायचंच नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाची पोरं, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे, ह्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एक घास पण कमी करू नये, गोळी तीच आणि जेवण अर्धं केलं की शुगर धाडकन खाली येते.

आता महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर भरपूर. वजन आठवड्यातनं एकदाच करायचं, सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. रोज केलं तर किलो-दीड किलो वरखाली नाचतं, आदल्या दिवशी लोणचं-पापड झालं असेल तर पाणी धरून ठेवतं अंग, ती चरबी नसते. वजनापेक्षा कंबर मोजा. बेंबीच्या रेषेत टेप धरायचा, पोट आत न ओढता (हे पुरुषांना जमत नाही). बायकांची ८० सेंटीमीटर आणि पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या वर असेल तर तब्येत तपासून घ्यायला पाहिजे.

चालण्याबद्दल एवढंच, चाला, शुगर-बीपी-झोप सगळ्याला चांगलं, पण चालून खाल्लेलं फिटतं ह्या भरवशावर राहू नका. माझ्या वजनाच्या बाईनं पाच किलोमीटर चालून दोनशे-अडीचशे कॅलरी जातात. आणि चालून झाल्यावर आमचा ग्रुप कोपऱ्यावरच्या गाड्यावर जातो तिथला एक वडापाव अडीचशे-तीनशेचा. म्हणजे आमराईत तास घालवला आणि वर पन्नास कॅलरी जमा करून घरी आलो. तरी मी जाते, पण आठवड्यातनं एकदा, आणि चटणी सोडत नाही.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. "डाएट", "मल्टीग्रेन", "शुगर फ्री" असं समोर काही पण लिहिलेलं असू दे, मागं घटक जास्तीपासून कमी असे क्रमानं लिहिलेले असतात. मल्टीग्रेन बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं-तिसरं साखर-पामतेल असेल तर परत ठेवा. आणि आकडे बहुतेक १०० ग्रॅमचे असतात, पुडा किती ग्रॅमचा आहे त्यावरनं हिशोब करा. ॲप वापरत असाल तर वापरा, पण "भाजी एक वाटी" असं टाकल्यावर ते जो आकडा देतं त्यात तुमच्या घरची पळी नसते.

ती पळी आम्ही बदलली. भांड्यांच्या दुकानातनं दहा एमएलची छोटी आणली, मोठी माळ्यावर टाकली. भाजी आधी वाफेवर झाकण ठेवून शिजवायची, वरनं पाण्याचा हबका मारायचा, कूट निम्मं, कोथिंबीर-लसूण दुप्पट. पहिले दहा दिवस घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होती, पोरगं तर कॉलेजातनं येताना वडा खाऊन यायचं. आता डबा ३६ दिवस जातो, म्हणजे माणशी साडेएकतीस ग्रॅम, अजून २७ ला पोचलो नाही. माझं वजन ६६ वरनं ६० वर आलं त्याला चौदा महिने लागले.

परवा नवीन डबा मी नसताना फोडला गेला. संध्याकाळी बघते तर डब्यावर सासूबाईंनी स्वतः मार्करनं लिहून ठेवलेलं, तारीख नाही, "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी". म्हणजे आता भागाकार करायला मला आधी कालनिर्णय काढायला लागणार.